पान नऊ, ओळ तीन

डिकेटर, अलाबामा
सोमवार, २० जून २०१६

प्रिय व्हर्डेल,

दोन वर्षांपूर्वीच्या आईच्या अंत्यविधीनंतर आपण फोनवर तीनदा बोललो आणि तीनदा भांडलो. तेव्हा यापुढे पत्रानंच बोलायचं, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. कागदावर निदान कोणी दुसऱ्याचं वाक्य मधे तोडत नाही.

आता कामाचं. गाडीच्या मालकीचे कागद ठेवून घेऊन महिन्याच्या बोलीवर पैसे देणारी जी दुकानं आहेत, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनची कचेरी नवा नियम करते आहे. पैसे देण्याआधी समोरच्याची फेडायची ऐपत आहे का ते दुकानदारानं तपासावं, हे त्याचं सार. मसुदा जाहीर झाला आहे आणि सात ऑक्टोबरपर्यंत जनतेच्या हरकती व सूचना मागवल्या आहेत. जनता म्हणजे कोण? मी. शाळा नववीत सोडली असली तरी कुठल्याही वकिलाइतकाच मी. मसुदा हजारावर पानांचा आहे. वाचनालयात पानाला दहा सेंट घेतात, म्हणून नेमकी लागणारी दोनशे बारा पानं छापून घेतली. रोज संध्याकाळी वीस पानं वाचतो, तळटिपांसकट.

एकतीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. काटा किती खोटा आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं. हा धंदाही तसाच. पण मोघम तक्रार हवेत विरते. मला एक खरी हकिगत हवी. नाव नको, तारीख, आकडा आणि खूण हवी. आपल्या घरात देवाच्या कृपेनं असं कोणी नाही. एल्बात तुझ्या ओळखीत कोणी आहे का?

तुझा भाऊ,
गार्लंड

---

एल्बा
४ जुलै

प्रिय गार्लंड,

आज सगळा गाव फटाके उडवतोय आणि माझा भाऊ सरकारच्या तळटिपा वाचतोय! तू दहा वर्षांचा असताना पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चुका दानाच्या पाकिटावर लिहायचास आणि पाकीट तसंच थाळीत टाकायचास. आईला वाटायचं पोरगं दान करतंय. आठवतं?

मी मजेत आहे. शाळेचं स्वयंपाकघर मे अखेरीला बंद झालं ते ऑगस्टात उघडेल. तोवर पगार नाही, हे तुला ठाऊकच आहे. मिस ओपलकडे वाटाणे सोलायला जाते. ती शेजारीण नसून माझी सासू असावी अशी बोलते. "व्हर्डेल, तुझा अंगठा झोपलाय का गं?" पण बादलीमागं पैसे देते आणि जेवूही घालते.

तुझ्या कामाचं माणूस माझ्या ओळखीत नाही. ज्याचं त्याचं झाकलेलं बरं. तू आपलं काट्यांबद्दल लिही.

व्हर्डेल

ता. क. पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर मायर्ना म्हणून एक आहे. तिनं जूनमध्ये गाडीवर नऊशे डॉलर घेतलेत. तुला उपयोग होत असेल तर विचारून सांगते. पण नाव घालायचं नाही.

---

डिकेटर
शुक्रवार, १५ जुलै

प्रिय व्हर्डेल,

तुझी मायर्ना म्हणजे मला सोन्याचं माप सापडल्यासारखं झालं. तिला हे विचार: पैसे नक्की कोणत्या तारखेला घेतले, दरमहा भरायचे किती आणि त्यातले मुदलात किती जातात. दुकानदारानं पगाराची चिठ्ठी पाहिली का? उन्हाळ्यात पगार नसतो हे त्याला सांगितलं होतं का? गाडी कोणती, कोणत्या साली बनलेली? कामावर जायला दुसरी सोय आहे का? आणि दुकानात तिच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते हवं. खरं बोलणाऱ्याला फालतू गोष्टीच आठवतात. खोटं बोलणाऱ्याला नेहमी मुद्दा आठवतो.

एक मात्र मला उमगत नाही. तिला कोणी भाऊबहीण नाही का? असती तर या दाराशी ती गेली नसती.

गार्लंड

---

एल्बा
२९ जुलै

प्रिय गार्लंड,

घे तुझी उत्तरं. तीन जूनला घेतले. महिन्याला सव्वादोनशे भरायचे, की पुढचा महिना मिळतो. नऊशे जिथल्या तिथे. त्यांना खरचटतसुद्धा नाही. पगाराची चिठ्ठी कोणी पाहिली नाही. मायर्नानं आपणहून सांगितलं, "उन्हाळ्यात आम्हाला पगार नसतो हं." काउंटरवरची बाई म्हणाली, "हनी, मी कुठं विचारलं?" तिला ते फार बरं वाटलं. कोणी काही न विचारणं किती बरं असतं ते तुला नाही कळायचं.

गाडीचे कागद घेतात आणि जादा किल्लीही मागून घेतात. ती एका फळीवरच्या खिळ्याला लटकवतात. फळीवर पंचेचाळीस-पन्नास किल्ल्या असतील. कोणाच्या किल्लीला बाळाचा बूट, कोणाच्या किल्लीला मासा. सही करायच्या पेनाला प्लास्टिकचं सूर्यफूल बांधलेलं आहे, कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. सही करताना ते फूल गालाला लागतं.

गाडी २००१ची, पांढरी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार हिरवं आहे. गेल्या वर्षी हरीण आडवं आलं, मग भंगारातून मिळालं ते दार बसवलं. कामावर साडेपाचला हजर व्हावं लागतं, बस नाही, चालत गेलं तर दोन तास. गाडी गेली की नोकरी गेली. बास?

भाऊबहीण आहेत की नाहीत ते मी विचारलं नाही. सगळं विचारायचं नसतं.

व्हर्डेल

---

डिकेटर
शनिवार, २० ऑगस्ट

प्रिय व्हर्डेल,

काम फत्ते. अकरा पानं, दुहेरी ओळींत टंकलिखित, रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह वॉशिंग्टनला रवाना झाली. प्रत सोबत आहे. पान चार पाहा: सूर्यफूल, किल्ल्यांची फळी, हिरवं दार, सगळं जसंच्या तसं. मायर्नाचं नाव नाही; "परिचयातील एक स्त्री, एल्बा येथील शालेय स्वयंपाकघरात नोकरीस" असं लिहिलं आहे. पान नऊ, ओळ तीन हे वाक्य मला स्वतःला विशेष साधलं आहे असं वाटतं: "ज्यांना हाक मारायला रक्ताचं माणूस असतं, ते या दुकानांच्या पायऱ्या चढत नाहीत."

हे सगळं आता जनतेसमोर मांडलं जाईल. कोणीही, कुठूनही वाचू शकेल.

गार्लंड

---

एल्बा
२६ ऑगस्ट

गार्लंड,

कोणीही वाचू शकेल, म्हणजे कोण? दुकानवालेसुद्धा?

अरे माणसा, हिरव्या दाराची पांढरी गाडी एल्बात किती असतील असं तुला वाटतं? एक! नाव झाकलंस आणि तोंड दाखवलंस. त्यातून शाळेचं स्वयंपाकघर. आम्ही तिथं चौघीजणी आहोत, गार्लंड, चौघी. काउंटरवरची मिस रनीटा तिला रोज रस्त्यात पाहते. त्यांच्या मनात आलं तर पुढच्या महिन्याला "नाही देत मुदत" म्हणायला त्यांना किती वेळ लागणार?

मायर्नाला रात्रभर झोप नाही. शाळेत आज तिच्या हातून चाळीस पोरांच्या मक्याच्या लापशीत दोनदा मीठ पडलं. ते पान परत मागव. दार काढ. दार पांढरं कर, निळं कर, नाहीतर गाडीच काढून टाक.

आजच कर.

व्हर्डेल

---

डिकेटर
बुधवार, १४ सप्टेंबर

व्हर्डेल,

वॉशिंग्टनला फोन लावला. सत्तेचाळीस मिनिटं ताटकळत फोनवरचा बाजा ऐकला. मग एका सभ्य बाईनं सांगितलं, दुरुस्तीची लेखी विनंती पाठवली तर विचार करता येतो. मी पाठवणार नव्हतो, हे तुला खरं सांगतो. खूण काढली की पुरावा हलका होतो, असं पत्र तुला लिहायचं ठरवलं होतं. त्याआधी आपलं लिखाण तिथं लागलं आहे का ते पाहावं म्हणून काल वाचनालयात संगणकासमोर बसलो.

तिथं हजारोंनी सूचना आहेत. कित्येक हातानं लिहिलेल्या, दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या, दुकानाची बाजू घेणाऱ्या. एल्बातून कोणी लिहिलंय का ते शोधलं. एक मिळाली. रेघी वहीचं पान, निळी शाई. खाली लिहितो ते जसंच्या तसं:

"हे दुकान नसतं तर मी जूनमध्ये काय केलं असतं कोणास ठाऊक. इथली बाई गोड बोलते, कोणी काही विचारत नाही. मला भाऊ आहे. त्याच्याकडे मागितलं तर तो देईल. पण त्याच्याकडे मागायचं म्हणजे आधी त्याच्या काट्यावर उभं राहावं लागतं. इथं फक्त किल्ली द्यावी लागते."

खाली नाव बघायची मला गरज नव्हती. 'जी' अक्षराची शेपूट तुटकी काढायची तुझी खोड मोडावी म्हणून तू सहावीत असताना मीच तुला पानभर 'जी' गिरवायला लावले होते.

ते हिरवं दार कधी बसवलंस, व्हर्डी? मला सांगितलं नाहीस.

गार्लंड

---

एल्बा
२० सप्टेंबर

प्रिय गार्लंड,

मला सांगितलं नाहीस, म्हणतोस. दोन वर्षांत तू इकडे आलास कधी, दार बघायला?

बरं. गाडी माझी आहे. किल्ली माझी आहे, आईच्या शिवणपेटीतलं पितळी अंगुस्तान अडकवलेली. जूनमध्ये विहिरीचा पंप जळला. घरात पाण्याचा थेंब नाही आणि हातात पगार नाही. म्हणून गेले.

आता त्या वहीचं. जुलैत मुदत वाढवायला गेले तेव्हा मिस रनीटानं माझा कागद एका हातात धरला आणि दुसऱ्या हातानं वही पुढे सरकवली. "वॉशिंग्टनवाले आम्हाला बंद करायला निघालेत, हनी. दोन ओळी लिही ना, तुझ्या मनातल्या." काय लिहायचं ते सांगितलं नाही. धमकी नाही, काही नाही. फक्त कागद हातात धरून उभी राहिली आणि ते फूलवालं पेन दिलं. तू असतास तरी लिहिलं असतंस.

गोड बोलते, काय केलं असतं, ते सगळं पेनानं लिहिलं. काट्याचं वाक्य मात्र माझं. दोन हजार नऊमध्ये छपरासाठी तू सहाशे दिलेस, आठवतं? सोबत टंकलिखित तक्ता पाठवलास. आणि मग खिळ्यांची पावती मागितलीस. खिळ्यांची, गार्लंड! मी तेव्हा दुकानात परत जाऊन पावती आणली, आणि त्या माणसानं विचारलं, "मॅडम, नवरा फार कडक आहे का?" मी म्हटलं, "नाही, भाऊ आहे."

सप्टेंबरचे सव्वादोनशे माझ्याकडे नाहीत. शाळेचा पहिला पगार पंपवाल्याच्या उरलेल्या बाकीत गेला. तीस तारखेपर्यंत भरले नाहीत तर गाडी उचलतील. रोज बाहेर जाऊन बघते, आहे ना म्हणून. रात्री कोणाचंही इंजिन वाजलं की उठते.

तुझ्याकडे मागत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

व्हर्डेल

---

डिकेटर
सोमवार, २६ सप्टेंबर

व्हर्डी,

सोबत धनादेश आहे. सही आणि तारीख आहे. आकडा लिहिलेला नाही. तुला काय लागेल ते तू लिही. मला कळवायची गरज नाही.

हरवू नये म्हणून रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवतो आहे.

गार्लंड

---

एल्बा
मंगळवार, ४ ऑक्टोबर

प्रिय गार्लंड,

तुझी पोचपावती! देवा रे देवा.

तुझं पाकीट गुरुवारी आलं. मी कामावर. पोस्टमन सहीशिवाय देईना. साधं पाकीट असतं तर पेटीत टाकून गेला असता. दारावर चिठ्ठी लावून गेला: पोस्टात येऊन घ्या. आमचं पोस्ट हल्ली सकाळी आठ ते बारा उघडं असतं, आणि आठ ते बारा मी तीनशे पोरांचं जेवण रांधत असते. शुक्रवारी मुख्याध्यापिकेकडे तासाभराची सुट्टी मागितली, ती म्हणाली, "मिस व्हर्डेल, आज तर पिझ्झाचा दिवस." चिठ्ठीवर कोणाकडून ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, दुकानाची नोटीस असणार. म्हणून, खरं सांगते, मी फारसा जोरही केला नाही. तुझ्या पाकिटाला मी दोन दिवस घाबरले, गार्लंड. आत काय होतं ते माहीत असतं तर चालत गेले असते.

शनिवारी पहाटे उठले तर अंगणात तेलाचा डाग तेवढा राहिला होता. आवाजसुद्धा झाला नाही. त्यांच्याकडे किल्लीच होती ना. तुझ्या पान चारमुळे की माझ्या चुकलेल्या तारखेमुळे, ते मी विचारलं नाही. तारखेमुळेच असणार. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

काल कामावर कशी जाऊ म्हणून मायर्नाला फोन केला. हो, मायर्ना खरोखर आहे. गाडीत तिला सगळं सांगावं लागलं. ती इतकी हसली की गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. "म्हणजे मी वॉशिंग्टनला गेले म्हणायची? तुझ्या भावाला कळव, माझ्या गाडीची चारही दारं पांढरी आहेत आणि हप्ते फिटलेत!" मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेत म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" तिनंच मुख्याध्यापिकेला गाठलं, मला पोस्टात नेलं.

पाकीट उघडलं आणि तिथंच बाकावर बसले. तो कोरा रकाना बघितला. तुझ्या हातचं कोरं काही मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बँकेतल्या पोरीला संशय आला. रकमेची शाई वेगळी, अक्षर वेगळं. तिनं तुला फोन लावला. मी समोरच उभी होते. फोन ठेवून ती म्हणाली, "मी आकडा वाचून दाखवायला लागले तर ते म्हणाले, वाचू नका, जो लिहिलाय तो बरोबर आहे."

सगळं कर्ज फेडलं, गाडी परत आली. सीट कोणीतरी मागे सरकवून ठेवली होती. किल्ली परत मागून घेतली, अंगुस्तान आहे. मिस रनीटा म्हणाली, "पुन्हा ये हं, हनी." मी तिच्याकडे रागानं बघणार होते, पण तिच्याही किल्ल्यांच्या जुडग्यात बाळाचा बूट होता. फळीवरचाच होता की दुसरा, कोणास ठाऊक.

आता ऐक. सात तारीख परवाच्या पलीकडे आहे. दार काढू नकोस. हिरवं आहे तर हिरवंच लिही, आणि माझं नावही घाल, पूर्ण. मी परत एकदा तुझ्या काट्यावर उभी राहते, हवं तर. पण माझ्या वहीच्या पानातलं ते तुझ्याबद्दलचं वाक्य मी काढून घेणार नाही. त्या दिवशी ते खरं होतं.

व्हर्डेल

---

डिकेटर, अलाबामा
गुरुवार, ६ ऑक्टोबर २०१६

प्रति: नियमाच्या मसुद्यावरील हरकती व सूचना स्वीकारणारे अधिकारी, वॉशिंग्टन (वाचनालयातील संगणकावरून)
प्रत: व्हर्डेल पीव्ही, एल्बा (साध्या टपालानं)

महोदय,

दिनांक २० ऑगस्ट रोजी मी पाठवलेल्या अकरा पानी निवेदनात माझ्याकडून चुका राहिल्या आहेत. माझ्या कामात सहसा चुका राहत नाहीत. कृपया पुढील शुद्धिपत्र मूळ निवेदनास जोडावे.

पान चार, ओळ अकरा: "परिचयातील एक स्त्री" याऐवजी "माझी सख्खी बहीण व्हर्डेल पीव्ही" असे वाचावे. हे तिच्या संमतीने.

पान चार, ओळ एकोणीस: गाडीच्या दाराचा रंग हिरवा. यात बदल नाही. मी ते दार अद्याप पाहिलेले नाही. शनिवारी पाहायला जाणार आहे.

पान सहा, ओळ दोन: "गाडी गेल्यास नोकरी जाईल" हे अनुमान म्हणून लिहिले होते. गाडी एक ऑक्टोबर रोजी पहाटे नेण्यात आली. नोकरी एका सहकारी स्त्रीमुळे टिकली. त्या सहकारी स्त्रीच्या गाडीची चारही दारे पांढरी आहेत. तिच्या आग्रहावरून ही नोंद.

पान नऊ, ओळ तीन: "ज्यांना हाक मारायला रक्ताचं माणूस असतं, ते या दुकानांच्या पायऱ्या चढत नाहीत." हे वाक्य चुकीचे आहे. ते मी तपासून न पाहता लिहिले. रक्ताचं माणूस होतं. ते खिळ्यांची पावती मागत असे.

एल्बाहून आलेले, निळ्या शाईतले एक हस्तलिखित पान आपल्याकडे आहे. ते दुकानाच्या बाजूने आहे असे आपण नोंदले असेल. त्यातली भावाबद्दलची तीन वाक्ये मी पडताळून पाहिली आहेत. ती अचूक आहेत.

आपला,
गार्लंड पीव्ही
वजनकाटे दुरुस्ती